‘सिंकला सर्व्हर ठेवणं म्हणजे आळस’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सर्व्हरवाला: काल कोणीतरी लिहिलं, सिंकसाठी, म्हणजे वेगवेगळ्या उपकरणांवरच्या नोंदी जुळवायला, मध्यवर्ती सर्व्हर ठेवणं निव्वळ आळस; सीआरडीटी (सर्व्हरला न विचारता प्रती आपोआप जुळवणारी डेटा-रचना) घ्या नि मोकळे व्हा. वाचून डोकं फिरलं. सगळे बदल सगळीकडे पोचले की प्रती एकसारख्या होतील, एवढीच सीआरडीटीची हमी. त्या बरोबर असतील अशी नाही. गोदामात एकच पोतं उरलंय आणि दोन सेल्समननी ऑफलाइन ते दोघांना विकलं. नोंदी छान मर्ज होतील, म्हणजे एकत्र जुळतील, शिल्लक उणे एक! ‘नाही’ म्हणणारी एक जागा लागतेच. अनेकांना एकत्र डिझाइन करू देणाऱ्या फिग्मानेही २०१९ मध्ये हेच मांडलं: कल्पना सीआरडीटीतून घेतल्या, पण अंतिम शब्द सर्व्हरचा.

रानातला कोडर: उदाहरण सोयीचं निवडलंत. आमचं ॲप दूध संकलन केंद्रावर चालतं. पहाटे रांग लागते. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) टाकायचं, पावती हातात द्यायची. रेंज नाही म्हणून शेतकऱ्याला कॅनसकट परत पाठवू? नोंदी नुसत्या जोडल्या जातात, तिथे भांडण येतंच कुठून? शिवाय सर्व्हर दुसऱ्याचा. ॲपना तयार सर्व्हर पुरवणारं पार्स २०१७ मध्ये बंद झालं, मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने डिव्हाइस सिंक ही आपली सिंक सेवा गुंडाळत असल्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं.

कमिटवाला: कोडमधले बदल सांभाळणारं गिट २००५ पासून विकेंद्रित आहे, प्रत्येकाकडे पूर्ण प्रत. जग चाललंय ना?

सर्व्हरवाला: कुठे चाललंय? ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहबचं, म्हणजे गिटमधला कोड जिथे सगळे ठेवतात त्या साइटचं, नेटवर्क ४३ सेकंद तुटलं आणि सेवा २४ तासांहून जास्त विस्कळीत राहिली. आमच्याकडे प्रत्येकाच्या लॅपटॉपवर अख्खा रेपो (कोड आणि त्याचा इतिहास), तरी सगळे हातावर हात धरून बसलेले.

कमिटवाला: तो दोष गिटचा नाही, तुमचा. दुसरा रिमोट, म्हणजे कोड पाठवायची दुसरी जागा, जोडायला एक कमांड लागते. सगळं एका फाइलीत बंडल करून पेनड्राइव्हवरही नेता येतं.

सर्व्हरवाला: आणि पुल रिक्वेस्ट (बदल घ्या अशी विनंती), रिव्ह्यू, सीआय (आपोआप होणाऱ्या चाचण्या) कोणत्या पेनड्राइव्हवर नेता? शिकवू नका. तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून एसव्हीएन, म्हणजे गिटसारखंच पण एका सर्व्हरवर चालणारं साधन, सांभाळतोय.

कमिटवाला: एसव्हीएनचं नाव काढू नका! फाइल लॉक करून गावी गेलेल्या माणसाला फोन करकरून माझी एक अख्खी रिलीज रखडली होती. आमच्याकडे लॉक तोडायचा अधिकार ॲडमिनपाशी, ॲडमिन रजेवर. वर मॅनेजरची बोलणी मी खाल्ली. तेव्हापासून ‘एकच जागा’ म्हटलं की तिडीक जाते.

रानातला कोडर: भांडताय कशावरून? गिटहबच्या त्या बिघाडात अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवरच्या डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या नोंदी पडल्या, त्या जुळवण्यातच वेळ गेला. म्हणजे तुमच्या मध्यवर्ती सर्व्हरच्या आतही सिंकचाच प्रश्न निघाला.

सर्व्हरवाला: बरं, ते मान्य. दुधाची नोंद फोनवरच राहू द्या, तिला सर्व्हरची वाट बघायला लावणं चूक. पण उचल? एकाच शेतकऱ्याने दोन केंद्रांवर उचल घेतली आणि दोन्ही फोन ऑफलाइन असले तर दहा दिवसांच्या बिलातून कापणार काय?

रानातला कोडर: उचल ऑनलाइन असल्याशिवाय देतच नाही. तेवढ्यापुरता तुमचा सर्व्हर लागतो, नाइलाज आहे. नोंदीला मात्र हात लावू देणार नाही.

कमिटवाला: आणि फोनचं घड्याळ मागे असेल तर? ‘शेवटची नोंद खरी’ धरणारं सिंक असलं की नवी दुरुस्ती गुपचूप गळते. त्यावर दोघंही बोला.