पन्नास हर्ट्झ सांभाळायचं काम घरोघरच्या एसीला द्यावं का?

धंतोलीवाला
मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर गेलं की विजेची चर्चा भारनियमनावर सुरू होते आणि तिथंच संपते. माझी मागणी वेगळी आहे. नवीन एसी, ईव्ही चार्जर आणि छतावरच्या सोलर इन्व्हर्टरना फ्रिक्वेन्सी (विजेच्या प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तनं, आपल्याकडं ५० हर्ट्झ) पाहून आपणहून लोड कमी-जास्त करायची सक्ती करा. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की देशभरातली जनित्रं किंचित मंदावतात आणि ५० हर्ट्झचा आकडा खाली येतो. तो आकडा प्रत्येक प्लगमध्ये फुकट मिळतो, ना इंटरनेट लागत ना कंट्रोल रूमचा फोन. एमआयटीच्या फ्रेड श्वेप्पेंनी हे १९८० मध्येच मांडलं होतं. कंप्रेसर दोन मिनिटं थांबला तर खोलीला पत्ताही लागत नाही.

कोराडी_रोड
राजेहो, हे काम आधीच वाटलेलं आहे. ६६० मेगावॅटच्या वीजनिर्मिती संचाचा गव्हर्नर (वेग पाहून निर्मिती कमी-जास्त करणारं यंत्र) ५ टक्के ड्रूपवर (वेग ५ टक्के घसरला तर पूर्ण क्षमतेइतकी वाढ, या प्रमाणात) मोकळा असेल, तर फ्रिक्वेन्सी ०.१ हर्ट्झ घसरताच तो २६ मेगावॅटच्या आसपास वाढवू पाहतो. कोणाला विचारत नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईननं दक्षिणेची ग्रिड (वीजजाळं) बाकी देशाला जोडली, तेव्हापासून सगळा देश एकाच ठोक्यावर चालतो. आधी आहेत ते गव्हर्नर धड चालवा, मग लोकांच्या बेडरूममध्ये शिरा.

धंतोलीवाला
चालवाच. पण पूर्ण भारावरच्या संचाला वाढायला जागा कुठून आणणार? आणि दुपारी सोलर जोरात असतं तेव्हा फिरणारी जड यंत्रं, ज्यांच्या वजनानं घसरण धीमी होते, ती कमी असतात. मग घसरण सुरू झाली की वेगानं होते.

मीटर_रीडिंग
दोघांनी जर्मनीकडं पाहावं. तिथल्या सोलर इन्व्हर्टरना नियम होता: ५०.२ हर्ट्झला, म्हणजे वीज जास्त झाली की, बंद व्हा. छपरं थोडी होती तोवर ठीक. ती लाखांत गेल्यावर ध्यानात आलं की त्या आकड्याला सगळी एकदम बंद पडली तर नियमच ग्रिड पाडेल. २०१२ मध्ये जुनी यंत्रं सुधारून घ्यायचा कायदा करावा लागला. सगळ्यांनी एकाच क्षणी शहाणपणा केला तर तो वेडेपणाच.

धंतोलीवाला
हे मान्य. म्हणून बंद-चालू नको, उतार हवा: जितकी घसरण तितकी कपात. परत चालू होताना प्रत्येकाचा वेळ यादृच्छिक.

महाल_गल्ली
पण भोगायचं कोणी? आमच्याकडं खसचा कूलर, एसी नाहीच. तुमच्या एसीमुळे लोड वाढतो अन् फीडर (भागाला वीज देणारी लाईन) कापला की अंधारात आम्ही पण.

धंतोलीवाला
ताई, हा तर माझ्याच बाजूचा मुद्दा. आज ४९.४ च्या खाली रिले (आपोआप चालणारे स्विच) फीडरच्या फीडर तोडतात. त्यात एसीवाला, कूलरवाला, कोपऱ्यावरचा दवाखाना, सगळे जातात. माझ्या योजनेत आधी फक्त एसीचा कंप्रेसर थांबेल.

कोराडी_रोड
थांबा ना भाऊ. घसरण थांबवणं एक, परत ५० वर आणणं दुसरं. ड्रूप नुसती घसरण रोखतो, आकडा ४९.९ वर टेकला तर तिथंच राहतो. वर आणायला घरोघरी जो तो आपल्या मीटरचं खरं मानू लागला, तर ज्याचा मीटर किंचित चुकीचा तो बाकीच्यांशी भांडत बसेल. म्हणून तो भाग दिल्लीच्या राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राकडं आहे, दर चार सेकंदाला संचांना आदेश जातात. ५ एप्रिल २०२० आठवा. रात्री नऊला लोकांनी दिवे घालवले, सुमारे ३१ हजार मेगावॅट मागणी उतरली. जलविद्युत संचांनी ते झेललं, फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ मध्येच राहिली.

मीटर_रीडिंग
त्याची वेळ आधी जाहीर होती हो! संच सांगून ट्रिप (अचानक बंद) होत नाही.

कोराडी_रोड
बरं, पहिले काही सेकंद घरोघरी द्या. पण ईव्ही चार्जरपासून सुरू करा. एसीला हात लावाल तर वैदर्भीय माणूस मे महिन्यात मोर्चा काढेल.

धंतोलीवाला
चार्जर चालेल. उतार किती ठेवायचा बोला.