दोन फॉरेस्टमधील ट्रस्ट वैध दिसतो, तरी लॉगिनला दोन मिनिटे लागतात: फायरवॉलमध्ये काय राहिले असावे?

शाखा_ते_मुख्यालय (प्रश्न)

आमच्या सहकारी बँकेत एका लहान बँकेचे विलीनीकरण झाले आहे. ग्राहकांच्या खात्यांचे स्थलांतर पूर्ण झाले, मात्र दोन्हीकडची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (कर्मचाऱ्यांची लॉगिन-खाती आणि संगणक सांभाळणारी विंडोजची यंत्रणा) अजून वेगळीच आहे. सोयीसाठी आमच्या फॉरेस्टला (म्हणजे अशा संपूर्ण डिरेक्टरीला) ‘अ’ आणि विलीन झालेल्या बँकेच्या फॉरेस्टला ‘ब’ म्हणतो. ‘ब’च्या कर्मचाऱ्यांना त्यांच्या शाखांमधून आमच्या फाइल सर्व्हरवर काम करता यावे, तसेच त्यांच्यापैकी जे वीसेक जण आता मुख्यालयात बसतात त्यांना आमच्या संगणकांवर स्वतःच्या जुन्या खात्याने लॉगिन करता यावे, म्हणून ‘अ’ने ‘ब’वर विश्वास ठेवणारा एकतर्फी फॉरेस्ट ट्रस्ट केला आहे.

‘अ’चे दोन आणि ‘ब’च्या डेटा सेंटरमधील दोन डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारे सर्व्हर) यांच्यामध्ये फायरवॉलवर ५३, ८८, १३५, ३८९, ४४५, ४६४ आणि ३२६८ हे पोर्ट, जिथे लागतात तिथे टीसीपी व यूडीपी (माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती) दोन्ही, मोकळे केले आहेत. ४९१५२ ते ६५५३५ हा पट्टा सुरक्षा अधिकाऱ्यांनी लेखापरीक्षणापर्यंतच, नाइलाजाने, मंजूर केला आहे. ट्रस्टची पडताळणी यशस्वी होते. तरीही मुख्यालयात ‘ब’च्या खात्याने लॉगिन व्हायला दीड ते दोन मिनिटे लागतात. म्हणून मी मुख्यालयातील संगणकांच्या सबनेटमधून ‘ब’च्या त्या दोन कंट्रोलरकडे टीसीपी ८८ आणि ३८९ उघडले, पॉवरशेलमधून दोन्ही पोर्टची जोडणी होते हेही तपासले, पण फरक पडला नाही. शिवाय मासिक अपडेटनंतर आमचे कंट्रोलर रीस्टार्ट झाले, त्या सकाळी काही जणांना लॉगिन सर्व्हर उपलब्ध नसल्याचा संदेश आला आणि तासाभराने तो आपोआप नाहीसा झाला. चूक कुठे शोधावी?

जुना_प्रशासक

आपण संगणकांच्या सबनेटसाठी ३८९ फक्त टीसीपीवर उघडले आहे, आणि माझ्या मते मुख्य अडचण तीच आहे. विंडोज एखाद्या डोमेनचा कंट्रोलर शोधताना आधी डीएनएसमधून एसआरव्ही नोंदी (कोणती सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या) मिळवते आणि मग त्या यादीतील कंट्रोलरना यूडीपी ३८९ वर एक छोटी एलडॅप (डिरेक्टरीला माहिती विचारण्याची पद्धत) विचारणा पाठवते. तिचे उत्तर आले नाही तर तो कंट्रोलर तिच्या लेखी अस्तित्वातच नसतो, मग त्याचा टीसीपी ८८ सताड उघडा असला तरी त्याचा उपयोग होत नाही. पॉवरशेलची ती चाचणी फक्त टीसीपी तपासते, त्यामुळे तिने आपल्याला दिलेला दिलासा खोटा नव्हता, अपुरा होता. मायक्रोसॉफ्टचे पोर्टक्वेरी हे साधन ३८९ वर यूडीपीने खरी एलडॅप विचारणा पाठवून उत्तर दाखवते. ते मुख्यालयातील एखाद्या संगणकावरूनच चालवावे, सर्व्हरवरून नव्हे.

आता लॉगिन अखेर होते तरी कसे, हा प्रश्न उरतो. ‘ब’चा कंट्रोलर सापडला नाही की कर्बेरॉस (तिकिटांवर चालणारी ओळख तपासण्याची पद्धत) तिथेच थांबते आणि विंडोज एनटीएलएम या जुन्या पद्धतीकडे वळते. एनटीएलएममध्ये संगणक आपल्याच डोमेनच्या कंट्रोलरकडे जातो आणि तो कंट्रोलर ट्रस्टच्या सुरक्षित वाहिनीतून ‘ब’च्या कंट्रोलरला विचारून उत्तर आणतो. कंट्रोलर ते कंट्रोलर वाट आपण मोकळी ठेवलेली असल्यामुळे काम होते, पण आधीच्या निष्फळ शोधाचा वेळ वाया जातो. आपल्या फाइल सर्व्हरवरील सुरक्षा नोंदींमध्ये ४६२४ क्रमांकाची (यशस्वी लॉगिनची) घटना उघडून पाहावी. ‘ब’च्या वापरकर्त्यांपुढे कर्बेरॉसऐवजी एनटीएलएम लिहिलेले दिसले, तर निदान पक्के समजावे.

ट्रस्टची दिशा आणि वाहतुकीची दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ट्रस्ट म्हणजे केवळ कंट्रोलरांचे आपसातील बोलणे असेही नाही. ‘ब’च्या शाखेतला संगणक आपल्या म्हणजे ‘अ’च्या फाइल सर्व्हरकडे जाऊ लागला, की ‘ब’चा कंट्रोलर त्याला फक्त ‘अ’च्या नावाचे शिफारसपत्र देतो. सर्व्हरचे तिकीट आणायला त्या संगणकाला स्वतः ‘अ’च्या कंट्रोलरच्या ८८ वर यावे लागते. याउलट ‘ब’चा कर्मचारी ‘अ’च्या संगणकावर बसला, तर पहिल्याच तिकिटासाठी ‘अ’च्या संगणकाला ‘ब’च्या कंट्रोलरकडे जावे लागते. म्हणजे आपला ट्रस्ट एकतर्फी असला तरी संगणकांसाठीचे नियम दोन्ही दिशांना लागतील: ८८, ३८९ (टीसीपी आणि यूडीपी), आणि मुदत संपलेला पासवर्ड लॉगिनच्या वेळीच बदलता यावा यासाठी ४६४. डीएनएससाठी सशर्त फॉरवर्डर (समोरच्या डोमेनची विचारणा तिकडच्या डीएनएस सर्व्हरकडे पाठवणारे नियम) असतील तर ५३ फक्त डीएनएस सर्व्हरांमध्ये पुरे. १३५ आणि वरचा मोठा पट्टा या संगणकांना देण्याची घाई करू नये.

शाखा_ते_मुख्यालय

आपले निदान बरोबर निघाले. ४६२४ च्या नोंदींमध्ये ‘ब’चे सगळेच वापरकर्ते एनटीएलएमने आलेले होते. यूडीपी ३८९ उघडल्यावर बहुतेकांचे लॉगिन दहा-बारा सेकंदांवर आले. मात्र काही संगणकांवर अजूनही कधी लगेच, तर कधी मिनिटभराने लॉगिन होते. अशा एका संगणकावर एनएलटेस्ट या विंडोजच्या साधनाने ‘ब’चा कंट्रोलर नव्याने शोधायला सांगितले, तेव्हा एकदा डेटा सेंटरमधल्या कंट्रोलरचे नाव आले आणि एकदा शोधच अयशस्वी झाला. ‘ब’चे आणखी दोन कंट्रोलर तालुक्याच्या शाखांमध्ये आहेत हे मी आधी लिहायला विसरलो. त्यांच्यासाठी फायरवॉलमध्ये कोणताच नियम नाही.

सबनेट_वही

विसरलेली गोष्टच बहुधा उत्तर असते. ‘ब’च्या डीएनएसमध्ये चारही कंट्रोलरांच्या नोंदी आहेत. आपल्या संगणकाला त्यांतल्या दोघांकडेच जाण्याची मुभा आहे, हे त्या डीएनएसला कसे कळणार? आपले कंट्रोलर रीस्टार्ट झाले त्या सकाळचा घोळही याच जातीचा दिसतो, कारण सुरू होताना त्यांनाही ‘ब’चा कंट्रोलर नव्याने शोधावा लागतो आणि हाती नेमकी बंद दारे लागू शकतात.

तालुक्याच्या शाखांपर्यंत नियम वाढवत नेणे हा एक मार्ग झाला, पण तो मला पसंत नाही. संगणक दुसऱ्या फॉरेस्टमध्ये कंट्रोलर शोधताना आधी स्वतःच्या साइटच्या (डिरेक्टरीत नोंदवलेल्या ठिकाणाच्या, म्हणजे सबनेटांच्या गटाच्या) नावाने नोंद आहे का ते विचारतो. म्हणून ‘ब’मध्ये आपल्या मुख्यालयाच्या साइटचेच नाव, अक्षरन् अक्षर तसेच, देऊन एक रिकामी साइट तयार करावी, ती साइट लिंकने ‘ब’च्या डेटा सेंटरच्या साइटला सर्वांत कमी खर्चाने जोडावी आणि मुख्यालयाचे सबनेट तिच्यात नोंदवावे. रिकाम्या साइटसाठी जवळच्या साइटमधले कंट्रोलर आपोआप नोंदी करतात, त्यामुळे आपल्या संगणकांना डेटा सेंटरचे दोघेच आधी दिसतील. त्याखेरीज शाखांमधील कंट्रोलरनी डोमेनभराच्या सामाईक एसआरव्ही नोंदी करू नयेत, अशी नेटलॉगऑनची (कंट्रोलरची नोंदणी आणि लॉगिन सांभाळणाऱ्या विंडोज सेवेची) ग्रुप पॉलिसी उपलब्ध आहे. ती लावली की शोध चुकून तिकडे जाण्याची शक्यता बरीच घटते.

एक छोटी सूचना. अंतर्गत नेटवर्कमधील अशा नियमांवर पॅकेट गुपचूप टाकून देण्याऐवजी स्पष्ट नकार पाठवावा. टीसीपीच्या बाबतीत नकार कळताच विंडोज पुढे सरकते, मौनात मात्र ती वाट पाहत बसते. इंटरनेटच्या बाजूला मौन योग्य आहे, दोन शाखांच्या मध्ये त्याचा त्रास आपल्याच माणसांना होतो.

नोंदवही_१३५

लेखापरीक्षणाच्या मुद्द्यावर लिहितो. सर्व्हर २००८ पासून आरपीसीचा (दुसऱ्या संगणकावरील सेवा वापरण्याच्या पद्धतीचा) बदलता पट्टा ४९१५२ ते ६५५३५ आहे, म्हणजे १६३८४ पोर्ट. त्याआधी तो १०२५ ते ५००० होता, आणि जुन्या नियमावल्यांत अजूनही तोच सापडतो. हा पट्टा अरुंद करायचा असेल तर रजिस्ट्रीत एनटीडीएस (डिरेक्टरीची मूळ सेवा) आणि नेटलॉगऑन या दोन सेवांना प्रत्येकी एक ठरावीक पोर्ट देता येतो. पहिल्यासाठी कंट्रोलर रीस्टार्ट करावा लागतो, दुसऱ्यासाठी नेटलॉगऑन सेवा पुन्हा सुरू केली तरी चालते. हा बदल नियमात नाव असलेल्या प्रत्येक कंट्रोलरवर करायला हवा. १३५ तरीही उघडाच ठेवावा लागतो, कारण कोणती सेवा कोणत्या पोर्टवर आहे हे तिथेच विचारले जाते. पट्टा बंद करण्यापूर्वी आठवडाभर फायरवॉलच्या नोंदी पाहाव्यात आणि त्या दोन पोर्टांखेरीज आणखी काही जात आहे का ते तपासावे.

दोन्हीकडचा पीडीसी एम्युलेटर (पासवर्ड-बदलासारखी कामे सांभाळणारा डोमेनमधला एक कंट्रोलर) नियमांत आहे ना, हेही पाहावे. ट्रस्टचा पासवर्ड डीफॉल्टनुसार दर ३० दिवसांनी बदलतो आणि तो बदल विश्वास ठेवणाऱ्या बाजूचा पीडीसी समोरच्या पीडीसीशी बोलून करतो. ही भूमिका शाखेतल्या कंट्रोलरवर हलवली गेली तर ते त्याच दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही.

विलीनीकरणात दोन्हीकडे सारखेच आयपी पत्ते निघणे नेहमीचे आहे. तसे असेल तरी कंट्रोलर नॅटमागे (वाटेत आयपी पत्ते बदलणाऱ्या यंत्रणेमागे) ठेवू नका. अशी मांडणी मायक्रोसॉफ्टने तपासलेली नाही आणि ती तिची शिफारसही करत नाही. कंट्रोलर डीएनएसमध्ये स्वतःचा खरा पत्ता नोंदवतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पत्ते बदलण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण तेच करावे.

सुरक्षा अधिकाऱ्यांची खरी काळजी ‘ब’चा कोणीही ‘अ’च्या कोणत्याही सर्व्हरवर पोहोचेल ही असेल, तर ती फायरवॉलने मिटत नाही. त्यासाठी ट्रस्टवर निवडक प्रमाणीकरण चालू करावे आणि ‘ब’च्या गटाला फक्त त्या फाइल सर्व्हरच्या खात्यावर प्रमाणीकरणाची परवानगी द्यावी. मात्र मुख्यालयातले ते वीस संगणकही त्या परवानगीत घ्यावे लागतील, नाहीतर लॉगिनच नाकारले जाईल.

शाखा_ते_मुख्यालय

‘ब’मध्ये आमच्या साइटच्या नावाची साइट तयार केली, सबनेट नोंदवले आणि शाखांमधील दोन्ही कंट्रोलरवर ती पॉलिसी लावली. दोन दिवस झाले, लॉगिन सगळीकडे दहा-बारा सेकंदांत होत आहे आणि फाइल सर्व्हरवर मुख्यालयातील वीस जण कर्बेरॉसने दिसत आहेत. ‘ब’च्या शाखांमधून मात्र अजून एनटीएलएमच येते, कारण त्या दिशेचे नियम मी मागितलेलेच नव्हते, तो अर्ज आज दिला. ‘ब’चा पीडीसी डेटा सेंटरमध्येच आहे. ठरावीक पोर्टचा बदल पुढच्या मासिक रीस्टार्टसोबत करणार आहोत, आणि तोपर्यंत वरचा पट्टा नियमांतील दोन्हीकडच्या मिळून चार कंट्रोलरांपुरताच मोकळा ठेवण्यास सुरक्षा अधिकाऱ्यांनी लेखी मान्यता दिली आहे.