लाडक्या बँडची गाणी वाजवणारे आम्ही: अनुभव लिहा

मुळशीकर
परवा शेजारच्या इमारतीत कोणी पोरगा गॅलरीत बसून पिंक फ्लॉइडच्या 'कम्फर्टेबली नम्ब'चा दुसरा सोलो घोटत होता. तार ओढली की सूर केसभर खालीच राहायचा, आणि मी इकडे भांडी विसळता विसळता "अजून ओढ रे, अजून" करत होतो. बायको म्हणाली, कोणाशी बोलतोयस? त्या रात्री जुनं सगळं वर आलं, म्हणून हा धागा.

नव्वदीच्या शेवटी पुण्यात इंजिनिअरिंगला असताना आमचा पिंक फ्लॉइडचा बँड होता. फक्त पिंक फ्लॉइड, दुसरं काही नाही. 'ट्रिब्यूट बँड' वगैरे नाव कोणाला ठाऊक नव्हतं, कॉलेजात 'ते फ्लॉइडवाले' म्हणत. माझ्याकडे गिव्हसनची गिटार आणि मित्राचं झूम ५०५, गिटारचा आवाज बदलणारं पेडल. गाणी कॅसेटवरून उतरवायची. माझ्या टेपरेकॉर्डरची मोटर सुस्त, त्यामुळे अख्खा फ्लॉइड पाव सुराने खाली, आणि मी गिटारही तशीच लावायचो. कीबोर्डवाला आला तेव्हा त्याचा कॅसिओ जगाच्या सुरात आणि मी मोटरच्या.

खरी गंमत 'मनी'ची. १९७३च्या त्या रेकॉर्डमध्ये सुरुवातीला नाण्यांचा आणि गल्ल्याचा जो आवाज आहे, तो त्यांनी टेपचे तुकडे जोडून, त्याचं वेटोळं करून सात ठोक्यांत बसवलाय. आम्ही गणपती मंडळाचा वर्गणीचा डबा आणला आणि एकाने तो माइकसमोर सात मोजत हलवला. पण गाण्यात सॅक्सोफोन आहे. तो कुठून आणणार? शेवटी लग्नाच्या बँडमधले एक काका मिळाले. त्यांना भीत भीत सांगायला गेलो की काका, हे सात मात्रांचं आहे हं. तर म्हणाले, "मला नका शिकवू, मी नाट्यसंगीत वाजवतो." पहिल्या फटक्यात वाजवलं. नंतर आमचे कार्यक्रम पौषात आणि चातुर्मासात व्हायला लागले, कारण लग्नसराईत काका मोकळे नसत.

त्या दिवसांनी माझा कान मात्र बदलला. फ्लॉइडच्या गिटारवाल्या गिलमरच्या सोलोत सूर फार नाहीत, बोटांना अवघड असंही फार नाही. दोन सुरांच्या मध्ये तो किती वेळ थांबतो ते जमत नाही. आम्ही पोरं ती जागा भरून टाकायला टपलेली असायचो.

तुमच्यापैकी कोणी असं एकाच बँडचं वेड घेऊन वाजवलंय का? लिहा.

कांदेपोहे
पहिला! कुकर लावलाय, वाचून सविस्तर लिहितो.

धा_तिरकिट
वा मुळशीकर. मी मूळचा तबल्याचा, नंतर ड्रमवर गेलो. 'मनी' ऐकून सगळे तबलेवाले "अरे हा तर रूपक!" म्हणतात. पण वाजवायला बसलं की घोळ होतो. रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे पहिलीच मात्रा हलकी, ती ती ना. इथे पहिल्याच मात्रेला बास छातीत बसतो. माझा उजवा हात तिथे आपोआप हलका पडायचा आणि बासवाला डोळे वटारायचा. त्यात गिटारच्या सोलोला ते चारात येतात आणि नंतर परत सातात. ते वळण जमलं त्या दिवशी आम्ही सगळ्यांना मिसळ खाऊ घातली.

आमचा बँड लेड झेपेलिनचा होता. 'कश्मीर'मध्ये गिटार तीनात चालते आणि ड्रम चारात, दोघं बारावर भेटतात. हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही, लहानपणापासून तिहाया मोजतोय.

लोकलवाली
दादरला उभी आहे, गर्दी आहे, पण हे काका मला हवेत. कुठे असतात आता?

मुळशीकर
@लोकलवाली, पुणं सुटल्यावर गाठ नाही पडली गं. त्यांच्या मुलाचं औंधकडे दुकान होतं असं आठवतं.

पिपाणी
बँड म्हणून धागा उघडला, मला वाटलं लग्नाचा बँड! असो, काका भेटले हे बरं झालं. आमच्या वरातीत बँडवाल्यांना मित्रांनी 'स्मोक ऑन द वॉटर' वाजवा म्हणून फर्माईश केली होती. त्यांना गाणं माहीत नव्हतं, मग मित्राने तोंडाने म्हणून दाखवलं. पुढचा चौकभर ट्रम्पेटवर तेवढाच तुकडा. सासरे विचारत होते, गाणं सुरू कधी होणार?

धा_तिरकिट
😂😂

गोदूताई
मी फ्लॉइडच्याच बँडमध्ये गायले आहे, ठाण्यात, नोकरी लागल्यावर. माझ्या वाट्याला एकच गाणं, 'द ग्रेट गिग इन द स्काय'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्यात बाईला शब्दच नाहीत. क्लेअर टोरी नावाची गायिका स्टुडिओत आली, तिला सांगितलं की शब्द नकोत, आणि तिने जे गायलं ते रेकॉर्डवर आहे. मिळाले ३० पाउंड. पुढे २००४ मध्ये ती कोर्टात गेली, तेव्हा कुठे गाण्याच्या श्रेयात नाव लागलं.

माझं शिक्षण किराणा घराण्याचं. मला वाटलं आलापच तर आहे, त्यात काय. छे. आपल्याकडे सूर हळूहळू उलगडायचा, इथे बाई थेट वरच्या षड्जापाशी जाऊन किंचाळते आणि मग एकदम कुजबुजते. बरं, तिने ते त्या क्षणी सुचेल तसं गायलेलं, आणि मी मात्र तिचा श्वासन् श्वास पाठ करत होते! माझ्या बाईंना ऐकवलं. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "हिला कोणी शिकवलं नाही ते बरं झालं."

पुढे कळलं की खुद्द फ्लॉइड मंचावर हे गाणं तीन गायिकांत वाटून देत. हे आमच्या मुलांनी मला आधी सांगितलं असतं तर!

स्पष्टवक्ता
राग नका मानू कोणी. दुसऱ्याचंच जसंच्या तसं वाजवायचं तर 'व्हॉइस ऑफ मुकेश' आणि तुमच्यात फरक काय? स्वतःचं एखादं गाणं केलंत का कधी?

आंबोळी
आला, मिठाचा खडा आला.

गोदूताई
@स्पष्टवक्ता, मग गीतरामायणाचे कार्यक्रम करणारे कोण? १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ते पहिल्यांदा लागलं तेव्हा वेगवेगळे गायक होते. आज ५६च्या ५६ गाणी जो तो बाबूजींसारखीच गातो. एक जागा बदलून बघा, पहिल्या रांगेतले आजोबा मान वर करून बघतात. ते चालतं, मग आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय? पोळ्या टाकायच्यात, बाकी नंतर.

स्पष्टवक्ता
गीतरामायण मध्ये आणलंत तर मी काय बोलणार. पण मुद्दा सोडलेला नाही.

खाकी_अँगस
आयडी बघून ओळखा 😄 कोल्हापुरात एसी/डीसी वाजवायचो. अँगस यंग शाळेचा गणवेश घालून मंचावर येतो, ब्लेझर, टाय, हाफ पँट. आमच्याकडे ब्लेझर कुठला? माझी शाळेची खाकी चड्डी आणि पांढरा सदरा. वय तेवीस, चड्डी आठवीतली. उडी मारली की बाकीच्यांचा जीव वर. गाणी सोपी वाटतात, पण मागे त्याचा भाऊ माल्कम गिटारवर जे वाजवायचा ते अख्खी रात्र न हलता वाजवून दाखवा. आमचा माल्कम पहिल्या तीन गाण्यांनंतर मनगट दाबत बसायचा.

मंडळाच्या अध्यक्षांनी पुढे बोलावून सत्कार केला, नारळ दिला आणि माइकवर म्हणाले, "आता या शाळकरी मुलांनी एक भावगीत म्हणावं."

आंबोळी
म्हटलंत का?

खाकी_अँगस
म्हटलं की. नारळ परत घेतला असता नाहीतर.

जर्सीकर
इथे न्यू जर्सीत उन्हाळ्यात गावोगावच्या बागेत फुकट कार्यक्रम असतात, त्यात निम्मे ट्रिब्यूट बँड. लोक घडीच्या खुर्च्या आणि थंडगार पेटारा घेऊन येतात. मी ईगल्सच्या बँडमध्ये बास वाजवतो. सगळे पन्नाशीचे, एक दातांचे डॉक्टर, एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर.

स्पष्टवक्ता, कमी लेखू नका. ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो १९८८ मध्ये ॲडलेडला सुरू झाला आणि १९९६ मध्ये गिलमरच्या पन्नासाव्या वाढदिवसाला खुद्द त्याच्यासमोर वाजवून आला. त्याच वर्षी जुडास प्रीस्टला नवा गायक हवा होता, तर त्यांनी त्यांचीच गाणी गाणाऱ्या बँडमधला ओहायोचा टिम ओवेन्स उचलला. आमच्या बसड्रायव्हरला अजून आशा आहे.

वकिलीण
परवानगीचं काय करता तुम्ही? कुतूहल म्हणून विचारते.

जर्सीकर
इथे जागेचा मालक ॲस्कॅप, बीएमआय वगैरे गाण्यांच्या हक्कांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थांना वर्षाची फी भरतो, त्यात मंचावरची गाणी येतात. बँडने वेगळं काही करायचं नसतं. रेकॉर्ड काढायची असेल तर प्रकरण निराळं.

वकिलीण
आपल्याकडे आयपीआरएस. आयोजकाने घ्यायचा परवाना. मंडळात विचारून बघा कोणी, मजा येईल 🙂

कळंगुटचो
ईगल्स म्हटल्यावर राहवलं नाही. गोव्यात हॉटेलात वाजवणाऱ्याला विचारा, रोज रात्री 'हॉटेल कॅलिफोर्निया' वाजवावंच लागतं. मी बारा तारांची गिटार घेऊन सातव्या पट्टीवर कॅपो लावून बसायचो. शेवटचा सोलो दोन गिटारांचा. माझा जोडीदार कधी यायचा, कधी नाही, मग तिकडचा अर्धा मी तोंडाने. एकदा एका गिऱ्हाइकाने पैसे दिले, ते गाणं *न* वाजवण्याचे. आजवरची सगळ्यात गोड बिदागी.

महाबळेश्वर_एसटी
क्वीनचं कोणी नाही का इथे? फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, तेव्हा फारूख बुलसारा. तिथल्या पोरांचा 'हेक्टिक्स' नावाचा बँड, हा पियानोवर. तेही दुसऱ्यांचीच गाणी वाजवायचे, हे स्पष्टवक्ता यांच्या माहितीसाठी.

आम्ही साताऱ्यात क्वीन करायचो. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा मधला ऑपेरा कसा करायचा यावर बँड फुटायची वेळ आली होती. चार जणांनी तेवढे थर कुठून आणायचे? मग कोणीतरी शोधून काढलं की क्वीनवाले स्वतःच त्या भागाला मंचावरून आत जायचे आणि टेप लागायची. काय हायसं वाटलं म्हणून सांगू! आम्हीही आत गेलो. आमच्याकडे 'आत' म्हणजे मांडवामागची भजीची गाडी. एक जण भजी घेऊनच परत आला.

आंबोळी
मी आता हसून हसून मीटिंगमधून बाहेर आले.

जुना_धोबीतलाव
मी वाजवत नसे, वायरी ओढायचो. मुंबईत रंगभवनवर १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरायचा, तेव्हापासून. निम्मे बँड डीप पर्पल, आयर्न मेडन आणि झेपेलिनच वाजवायचे, आणि स्वतःचं गाणं सुरू केलं की पोरं ओरडायची. म्हणजे स्पष्टवक्ता, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर प्रेक्षकांकडे आहे. आपलं गाणं ऐकवायला आधी त्यांची चार वाजवावी लागत. पुढे शांतता क्षेत्र आलं, आजूबाजूला इस्पितळं, आणि रंगभवन बंद पडलं.

धा_तिरकिट, झेपेलिनचं वेड आहे म्हणून सांगतो. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत येऊन इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' रेकॉर्ड करून गेले होते. २०१५ साली ते अधिकृतपणे बाहेर आलं. तबला आहे त्यात, ऐका.

धा_तिरकिट
ऐकलंय काका, पारायणं झालीत. पण तुमच्याकडून वाचायला जास्त छान वाटलं. रंगभवनवर अजून लिहा ना, वेगळा धागा काढा.

जुना_धोबीतलाव
कान वाजतात रे आता रात्री. स्पीकरशेजारी उभं राहायची हौस फार. तरुण पोरांनो, कानात बोळे घालत जा. लिहीन सवडीने.

स्पष्टवक्ता
काका, तुमचं पटलं. अर्धंच, पण पटलं. चड्डीवाल्यांचा फोटो असेल तर टाका.

खाकी_अँगस
बायकोने जाळला.

नीता_ठाणे
सगळ्यांचे अनुभव भारी. थोडं अवांतर, माफ करा. मुलगा बारा वर्षांचा, ड्रमसेट हवा म्हणून हट्ट धरलाय. दुसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या काकू आधीच आमच्या मिक्सरवर चिडून असतात. इलेक्ट्रॉनिक घेतला तर आवाज नाही ना येत?

धा_तिरकिट
ताई, हेडफोन लावले तरी पायाचा ठोका जमिनीतून खाली जातो. वरून ऐकू येत नाही म्हणून आपल्याला कळत नाही, खाली मात्र धप धप. जाळीची पानं असलेला सेट घ्या, खाली जाड रबराची चटई आणि तिच्याखाली फोम. आणि आधी सहा महिने नुसतं रबरी पॅडवर काठ्या चालवू द्या, हट्ट किती टिकतो तेही कळेल.

कांदेपोहे
वाचून झालं एकदाचं, कुकर कधीच उतरला. ताई, तबल्याला घाला की त्याला. नंतर 'मनी' वाजवेल.

नीता_ठाणे
घातलं होतं. तबल्याच्या सरांनीच सांगितलं, याला ड्रम द्या 🙈