मदत हवी आहे: नवी बॅटरीसुद्धा उतरतेय, अल्टरनेटर गेला का?

समुद्रकाठ_गुहागर
नवीन बॅटरी टाकून बारा दिवस झाले. आज सकाळी परत सेल्फला नुसती टकटक. बॅटरीवाला म्हणतो अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा), मेकॅनिक म्हणतो बॅटरीच खराब. रविवारी रात्री पुण्याला निघायचंय. कोणाचं खरं? लवकर सांगा.

वायरमन_चिपळूण
पेट्रोल की डिझेल? किती साल, किती किमी? चावी फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतो का, आणि इंजिन चालू झाल्यावर विझतो का? हे कळल्याशिवाय सगळं अंदाजपंचे दाहोदरसे.

देवगडी_हापूस
मोठी बॅटरी टाका. ३५ ऐवजी ४५ अँपिअर-अवर. आपल्याकडे पावसात लाइट, वायपर, ब्लोअर सगळं एकदम चालतं, छोटी पुरत नाही.

वायरमन_चिपळूण
गाडी चालू असताना तो भार अल्टरनेटर उचलतो, बॅटरी नाही. टाकी मोठी घेतली म्हणून विहिरीवरचा पंप दुरुस्त होत नाही.

समुद्रकाठ_गुहागर
पेट्रोल, २०१२ची, ७८ हजार. दिवा विझतो. ब्लोअर लावला की हेडलाइट मंद होतात, रेस दिली की परत उजळतात. त्याचा काही संबंध?

घाटवाट
तेच आधी सांगायचं ना! आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) लाइट मंद आणि रेसला उजळ, ही अल्टरनेटर थकल्याची मुख्य खूण. बाकीच्याही तपासा: पॉवर विंडो सावकाश चढते का, बॉनेटखालून घरघर येते का (बेअरिंग), गरम वायरसारखा जळका वास येतो का. पावसात सुरू करताना पट्टा किंचाळत असेल तर तो सरकतोय, त्यात अल्टरनेटरचा दोष नसेलही. आणि दिवा खरंच पूर्ण विझतो का, ते रात्री अंधारात बघा.

जुना_ड्रायव्हर
एवढं कशाला? इंजिन चालू ठेवा, बॅटरीची एक वायर काढा. बंद पडली तर अल्टरनेटर गेला.

वायरमन_चिपळूण
कृपया हे कोणीही करू नका. बॅटरी अल्टरनेटरचा झटका गिळत असते. ती एकदम सुटली की व्होल्टेज क्षणभर कितीतरी वर उसळतं आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) किंवा अल्टरनेटरमधले डायोड उडतात.

जुना_ड्रायव्हर
जीपवर वर्षानुवर्षं असंच बघायचे.

वायरमन_चिपळूण
त्या जीपला ईसीयू नव्हता. साधा मल्टिमीटर घ्या.
आधी रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. मग इंजिन चालू करून परत: साधारण १३.८ ते १४.५ हवं. हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही १३.५च्या खाली जायला नको.
हा भार चालू असतानाच अल्टरनेटरच्या जाड वायरच्या नटापासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मोजा, नंतर अल्टरनेटरच्या अंगापासून मायनसपर्यंत. दोन्हीकडे ०.२ च्या आसपास किंवा कमीच हवं. किनाऱ्यावरच्या गाड्यांत खारट हवेने अर्थिंगची पट्टी आतून हिरवी होते, वरून चांगली दिसते, आणि चांगला अल्टरनेटर उगाच बदलला जातो.
शेवटी मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर लावा. ०.५ पेक्षा जास्त आलं तर डायोड प्लेट गेली. तसा डायोड उभ्या गाडीतही बॅटरी पितो.

रानमाणूस
स्मार्ट चार्जिंगच्या (गरजेपुरतंच चार्ज करणाऱ्या) नव्या गाड्यांत मुद्दाम १२.८ वगैरे दिसतं, ते लक्षात घ्या.

घाटवाट
२०१२च्या साध्या पेट्रोलला बहुतेक तसं नसतं. आणि भार टाकला की तिथेही वर यायला हवं.

कोकणकन्या
पुण्याला रात्री कुंभार्ली घाटाने कशाला? धुकं असतं. माणगावहून ताम्हिणी घाटाने जा.

घाटवाट
ताम्हिणीत काय धुकं नसतं? रस्ता कुठलाही घ्या, या अवस्थेत निघू नका. लाइट, वायपर, ब्लोअर, इंधन पंप मिळून तीसेक अँपिअर. निम्म्या बॅटरीवर पाऊण तासही निघणार नाही.

समुद्रकाठ_गुहागर
मोजलं. सकाळी १२.१. आयडलला १२.९, भार टाकल्यावर १२.२. रेसवर १३.१, पण काटा स्थिर नाही. दोन्ही वायरींवर ०.१. एसी ०.१. पट्टा कोरडा, घट्ट. आणि हो, अंधारात दिवा अगदी मंद लुकलुकतोय, दिवसा दिसतच नव्हता.

वायरमन_चिपळूण
मग वायरी, पट्टा, डायोड सुटले. राहिले अल्टरनेटरमधले कार्बन (फिरत्या रिंगला वीज देणारे ब्रश) आणि कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर). आकडा नाचतोय म्हणून पहिला संशय कार्बनवर: झिजून आखूड झाले की स्प्रिंग त्यांना रिंगवर दाबू शकत नाही. बऱ्याच गाड्यांत दोन्ही एकाच तुकड्यात येतात, पूर्ण अल्टरनेटर लागत नाही.
ऑटो इलेक्ट्रिशियनकडे उघडताना समोर उभे राहा. कार्बन पाचेक मिलिमीटरच उरले असतील तर बदलायचेच. तांब्याच्या रिंगवर नख फिरवा. खाच लागली तर रिंग लेथवर साफ करून घ्या किंवा बदला, नाहीतर नवे कार्बन महिनाभरात झिजतील. खोलण्याआधी बॅटरीचा मायनस काढायला सांगा, कारण अल्टरनेटरची ती जाड वायर चावी बंद असली तरी जिवंत असते. बसवल्यावर बॅटरी बाहेर चार्जरवर रात्रभर भरा, उतरलेली बॅटरी भरायचं काम नव्या कार्बनवर टाकू नका. मग लाइट, ब्लोअर लावून परत मोजा आणि आकडा इथे लिहा.

देवगडी_हापूस
बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावा, खार धरत नाही.

समुद्रकाठ_गुहागर
उद्या सकाळी शृंगारतळीला नेतो. मायनस आधी, लक्षात ठेवलं.