घरच्या स्विमिंग पूलची सुरक्षा तपासणी: सक्तीची असावी की मालकावर सोडावी?

काठावरचा (धागाकर्ता)

घराच्या आवारात स्विमिंग पूल असेल तर त्याची सुरक्षा तपासणी दर तीन-चार वर्षांनी सक्तीने व्हावी, ती बाहेरच्या माणसाने करावी, आणि प्रमाणपत्र नसेल तर ते घर भाड्याने देता येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरी पूल असलेल्या मित्रमंडळींना हे अजिबात पटत नाही. "आमच्या आवारात कोणी परका टेप घेऊन का फिरावा?" हा त्यांचा सूर. म्हणून हा धागा.

आधी एक गैरसमज दूर करतो. तपासणी म्हटलं की लोकांना पाण्याचा रंग, क्लोरीन, पीएच आठवतं. ते पूल सांभाळणाऱ्याचं रोजचं काम. सुरक्षा तपासणीतला मुख्य प्रश्न वेगळा: चालायला लागलेलं पण पोहता न येणारं मूल मोठ्यांची नजर चुकवून पाण्यापर्यंत पोचू शकतं का? त्यामुळे तपासनीस पाण्याकडे कमी आणि कुंपणाकडे जास्त बघतो. ऑस्ट्रेलियाच्या मानकानुसार कुंपण किमान १२०० मिमी उंच हवं. खालची फट आणि दोन गजांमधली फट १०० मिमीच्या वर नको. बाहेरच्या अंगाला ९०० मिमीच्या आत पाय देऊन चढता येईल असं काही नको. म्हणजे कुंडी, खुर्ची, एसीचं युनिट, झाडाची फांदी, सगळं आलं. फाटक पूलच्या उलट दिशेला, बाहेर उघडणारं हवं.

खरी परीक्षा फाटकाची. तपासनीस ते पूर्ण उघडून सोडतो. मग अर्धवट उघडून सोडतो. मग पल्ला खिट्टीला जेमतेम टेकेल इतपत आणून अलगद हात काढून घेतो. तिन्ही वेळा फाटक आपलं आपण मिटून खिट्टी पडली पाहिजे. तिसऱ्या वेळी भल्याभल्यांची फाटकं नुसती टेकून राहतात. बिजागरीची स्प्रिंग ढिली पडलेली असते, नाहीतर खांब बोटभर कललेला असतो. घरच्यांना हे वर्षानुवर्षं कळत नाही, कारण जाता-येता आपण फाटक हाताने लोटूनच घेतो.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात स्विमिंग पूलचा १९९२ चा कायदा आहे आणि २९ एप्रिल २०१६ पासून घर विकताना किंवा भाड्याने देताना पूलचं प्रमाणपत्र लागतं. ते तीन वर्षं चालतं. शेजारच्या व्हिक्टोरियात दर चार वर्षांनी तपासणी, न्यूझीलंडमध्ये दर तीन वर्षांनी. बाकीच्या जगाने हे का करू नये?

---

मुक्तछंदी

साफ असहमत.

प्रमाणपत्र त्या दिवसापुरतं खरं असतं. सकाळी तपासनीस शिक्का मारून गेला, दुपारी माळी ढकलगाडी आत नेताना फाटकाला वीट लावून ठेवतो. झालं तुमचं प्रमाणपत्र. मूल वाचतं ते मोठ्यांनी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवल्यामुळे, भिंतीवर लावलेल्या कागदामुळे नाही. उलट कागद हातात आला की माणूस निर्धास्त होतो, हा धोका वेगळाच.

आणि माझं घर, माझी मुलं. गॅसची शेगडी, जिना, गच्चीचा कठडा, सगळीकडेच धोका आहे. तिथे दर तीन वर्षांनी कोणी येतं का?

---

काठावरचा

@मुक्तछंदी, वीट लावणारा माळी सगळीकडे असतो, मान्य. पण "लक्ष ठेवलं की झालं" हे मला पटत नाही. पोहायच्या वेळी मोठी माणसं काठावर असतातच. घात होतो तो कोणी पोहत नसताना, मूल आत खेळतंय असं सगळे धरून चालतात तेव्हा. जिथे मूल असायलाच नको होतं तिथे लक्ष कोण ठेवणार?

शेगडी आणि जिन्याचं म्हणाल तर तिथे पडलेलं मूल रडतं. पाण्यात पडलेलं बहुतेक वेळा ओरडतही नाही.

आकडेही देतो. पूलच्या कुंपणावरच्या अभ्यासांचा कोक्रेन आढावा (वेगवेगळे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा) १९९८ चा आहे. कुंपण असलेल्या पूलमध्ये मूल बुडण्याची शक्यता बिनकुंपणाच्या पूलपेक्षा बरीच कमी आढळली, ऑड्स रेशो (दोन्हीकडच्या शक्यतांचं गुणोत्तर; १ पेक्षा जितकं कमी तितका धोका कमी) ०.२७. त्यातही पूल चारही बाजूंनी वेगळा केला असेल तर, तीन बाजूंना कुंपण आणि चौथ्या बाजूला घर अशा रचनेच्या तुलनेत, ०.१७.

---

शंकेखोर

काठावरचा, आकडे बरोबर आहेत, पण ते तुमच्या मुद्द्याचे नाहीत. आढावा कुंपणाबद्दल आहे. कुंपण उपयोगी आहे याबद्दल इथे कुणाचंच दुमत नाही. तुम्ही मागताय ती सक्तीची, ठरावीक वर्षांनी होणारी तपासणी. तिच्यामुळे किती मुलं वाचली याचा पुरावा या आकड्यांत कुठे आहे?

शिवाय फ्रान्स बघा. ३ जानेवारी २००३ च्या कायद्याने तिथे जमिनीत बांधलेल्या खाजगी पूलना चारपैकी एक साधन सक्तीचं केलं: कुंपण, अलार्म, झाकण किंवा पूलवरचं बंदिस्त छत. नव्या पूलना २००४ पासून, जुन्यांना २००६ पासून. साधनाला मानक आहे, नियम मोडला तर दंड ४५,००० युरोपर्यंत जाऊ शकतो. पण दर तीन वर्षांनी दार ठोठावणारा तपासनीस नाही. साधन मालकाने निवडायचं, जबाबदारीही त्याची. मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं.

---

मुक्तछंदी

+१ शंकेखोर. हेच म्हणत होतो, फक्त मला इतकं नीट मांडता आलं नाही :)

---

काठावरचा

शंकेखोर, मुद्दा रास्त आहे. तो आढावा कुंपणाचाच आहे. पण त्यातलं कुंपण म्हणजे मुलाला अडवणारं कुंपण. खिट्टी न पडणारं फाटक असलेलं कुंपण हे कुंपण नव्हेच, नुसती शोभा आहे. आणि खिट्टी पडत नाही हे घरच्या माणसाला दिसत नाही, ही माझी मूळ तक्रार आहे. रोज बघणाऱ्या डोळ्यांना कललेला खांब सरळच वाटतो. म्हणून बाहेरचा माणूस हवा.

फ्रान्सच्या यादीतल्या अलार्मवर माझा भरवसा नाही. पाण्यातला अलार्म वाजतो तो मूल पाण्यात पडल्यावर. तेव्हा घरात मिक्सर चालू असेल तर? झाकण चांगलं, पण दर वेळी पोहून झाल्यावर ते ओढणार कोण? फाटक निदान आपोआप मिटतं.

---

चौथा_मजला

माझा पूल नाही. मी भाड्याच्या घरात राहते, आवारात मालकाचा पूल आहे आणि माझा मुलगा दोन वर्षांचा आहे. फाटकाची खिट्टी पडत नाही हे मी तीनदा सांगितलं. उत्तर: "आजवर काही झालं नाही." स्वतः दुरुस्त करावं तर कुंपणाला हात लावायची परवानगी नाही.

"माझं घर, माझी मुलं" म्हणणाऱ्यांनी हे उत्तर जरा परत वाचावं. घर एकाचं आणि मूल दुसऱ्याचं असतं तेव्हा काय? प्रमाणपत्राची अट असती तर मला मालकाच्या विनवण्या कराव्या लागल्या नसत्या. प्रमाणपत्र दाखवा, मग करार करू, एवढं म्हटलं असतं.

---

मुक्तछंदी

चौथा_मजला ताई, तुमची गोष्ट वेगळी आहे. भाड्याच्या घराला अट लावा, माझी हरकत नाही. जो स्वतःच्या घरात राहतो त्याच्या मागे का लागता?

---

चौथा_मजला

कारण तुमच्याकडे पाहुणे येतात. आणि येताना मुलं आणतात.

---

पंपवाला

पूलच्या पंप आणि वायरिंगची कामं करतो. दोन्ही बाजूंचं वाचलं. माझा आक्षेप तिसराच आहे: बऱ्याच ठिकाणी हे प्रमाणपत्र फक्त कुंपणाचं असतं. लोकांना वाटतं पूल पास झाला. पास झालंय ते कुंपण. तळाचं ड्रेन आणि वीज कोणी बघितलेलीच नसते.

ड्रेनचं सांगतो. पंप तळातून पाणी ओढतो. एकच ड्रेन असेल आणि त्यावर मूल बसलं किंवा पाठ टेकली, तर पाणी ओढायला दुसरं तोंड नसल्यामुळे पंपाची सगळी ओढ तिथेच लागते. मोठ्या माणसालाही सुटता येत नाही. झाकण तुटलं असेल तर केस आत ओढले जातात. अमेरिकेत २००२ साली हॉट टबमध्ये अशाच ओढीत सापडून सात वर्षांची मुलगी गेली. तिच्या नावाने, व्हर्जिनिया ग्रेम बेकर कायदा म्हणून, २००७ मध्ये कायदा झाला. सार्वजनिक पूलना तो सक्तीचा आहे. घरगुती पूलना जुनं बदलायची सक्ती नाही, पण बाजारात विकली जाणारी ड्रेनची झाकणं मानकातलीच असावी लागतात. अशा झाकणावर त्याचं आयुष्य किती वर्षं ते छापलेलं असतं. पाण्याखालचं ते छापील वर्ष वाचलेला घरमालक मला तरी भेटलेला नाही. उपाय सोपा आहे: एका पंपाला दोन ड्रेन, एकमेकांपासून निदान तीन फूट लांब. एक झाकलं गेलं तरी दुसरं ओढत राहतं.

आता वीज. आंतरराष्ट्रीय वायरिंग मानकात पूलचे झोन आखलेले असतात. पाणी म्हणजे झोन ०. काठापासून २ मीटरपर्यंत झोन १. त्यापुढे दीड मीटर झोन २. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे हवेत, त्यांचा ट्रान्सफॉर्मर झोनच्या बाहेर. ३० मिलिअँपचा आरसीडी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा, आणि शिडी, हँडरेल, काँक्रीटमधल्या सळ्या असा सगळा धातू एकमेकांना जोडलेला हवा, आमच्याकडे त्याला बाँडिंग म्हणतात. नंतर हौसेने बसवलेली नवी शिडी या जोडणीत नसते. असा प्रकार मी नेहमी बघतो.

तेव्हा सक्ती करायचीच तर पुरी करा. अर्धी तपासणी न केलेलीपेक्षा वाईट.

---

काठावरचा

पंपवाला, शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य. लहान मुलांसाठी पहिला अडथळा कुंपणच आहे, त्यामुळे अर्धी तपासणीही माझ्या मते खूप आहे. पण प्रमाणपत्रावर ठळक लिहावं की हे फक्त कुंपणाचं आहे. तेवढं तर आजही करता येईल.

---

शंकेखोर

धागाकर्त्यांनी एक गोष्ट अर्धीच सांगितली आहे. न्यू साउथ वेल्समध्ये पूल नापास असला तरी घर विकता येतं. करारासोबत अपात्रतेचा दाखला जोडला की खरेदीदाराला दुरुस्तीसाठी ९० दिवस मिळतात. म्हणजे तिथल्या सरकारनेही विक्री अडवलेली नाही, जबाबदारी नव्या मालकाकडे सरकवली आहे.

आणि "बाकीच्या जगाने का करू नये" याचं उत्तर: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, त्यातली साधारण पाव पाच वर्षांखालची. बहुतेक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. तिथे मुलं बुडतात ती तळ्यात, नदीत, विहिरीत, पाण्याच्या टाकीत. घरगुती पूल किती घरांत असतात? यंत्रणेकडे माणसं मोजकी असतील तर मी ती उघड्या विहिरींकडे पाठवीन, श्रीमंतांच्या फाटकांकडे नाही.

---

काठावरचा

विक्रीबाबत बरोबर, म्हणूनच मी वर माझी अट भाड्याच्या घरापुरती घातली होती. विहिरींबद्दलही दुमत नाही. पण पूलच्या तपासणीचा खर्च मालकाने द्यायचा असतो. त्यामुळे विहिरीच्या वाट्याचा माणूस इथे कमी होत नाही.

---

बाहुलीघर

तो हवा भरायचा प्लास्टिकचा पूल असतो त्यालाही हे सगळं लागू? मग बादलीलाही कुंपण घालू या :D

---

टेपवाला

पूल तपासणीचं काम करतो, म्हणून थोडं लिहितो.

@बाहुलीघर, हसू नका. ऑस्ट्रेलियात ३०० मिमीपेक्षा जास्त पाणी मावत असेल तर हवेचा पूलही नियमात येतो. न्यूझीलंडमध्ये ती मर्यादा ४०० मिमी आहे. तेवढं पाणी भरायचं नसेल तर छोटा घ्या, आणि खेळून झालं की लगेच ओता. ओतलेल्या पूलला कुंपण लागत नाही.

@मुक्तछंदी, माळ्याच्या विटेवर माझ्याकडे उपाय नाही. पण पहिल्या फेरीत नापास होण्याची कारणं मी सांगू शकतो. स्प्रिंग. कुंपणाला टेकवलेली फिल्टरची पेटी. पावसाने माती वाहून गेल्यामुळे खालची वाढलेली फट. शेजाऱ्याच्या बाजूने कुंपणावर झुकलेलं झाड. यातलं बहुतेक एका सुट्टीच्या दिवशी स्क्रूड्रायव्हर आणि फावडं घेऊन उरकतं. मी यायच्या आदल्या दिवशी केलंत तरी चालेल, निदान झालं तरी.

एका गोष्टीवर मात्र मी विरोधकांच्या बाजूने आहे. तपासणारा आणि दुरुस्त करणारा एकच नसावा. माझीच बिजागरी विकायची असेल तर मला तुमची जुनी ढिलीच दिसणार.

---

मुक्तछंदी

हे शेवटचं ऐकून बरं वाटलं. सक्तीला माझा विरोध आहे तसाच आहे. पण टेपवाले, आता आलाच आहात तर एक विचारतो. आमच्या बैठकीच्या खोलीचं सरकतं काचेचं दार थेट पूलकडे उघडतं. बाकी तीन बाजूंना कुंपण आहे. वरच्या ०.१७ मध्ये आम्ही वाईट बाजूला मोडतो ना?

---

टेपवाला

मोडता. सरकतं दार उघडं राहतं, कारण वाऱ्यासाठी ते कोणीतरी उघडंच ठेवतं. नव्या बांधकामात बऱ्याच ठिकाणी असं दार आता चालत नाही. दार आणि पूल यांच्यामध्ये चौथं कुंपण घालण्याइतकी जागा आहे का, ते आधी मोजा. साधारण मीटरभर मिळाली तरी काचेचं किंवा गजांचं कुंपण बसतं. फक्त दारासमोरचा बाक आणि कुंड्या तिथून हलवाव्या लागतील.

---

मुक्तछंदी

मीटरभर आहे. बाक बायकोचा आहे, त्याचं बघतो.