खापरपणजोबांचे भाऊ 'मोरसेत' गेले, परत आले नाहीत. कुठे शोधू?

माहेरवाशीण:

नमस्कार. आमच्या घरातला एक माणूस दीडशेहून जास्त वर्षं हरवलेला आहे, त्याचा माग काढायचा आहे. सविस्तर लिहिते, कारण यातला कुठला तपशील कामाचा हे मला कळत नाही.

माझं माहेर गुहागर तालुक्यातलं. सर्वपित्रीला पितरांची पानं वाढून झाली की आजी, म्हणजे वडिलांची आई, एक पान पडवीबाहेर पागोळीखाली ठेवायची. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, खीर, सगळं इतर पानांसारखंच. फक्त त्या पानाला पाणी सोडायची नाही. मी सात-आठ वर्षांची असताना विचारलं, तर म्हणाली, "ते राघोबाचं. त्याला मेलेला कुणी बघितला नाही, मग पाणी कसं सोडायचं? मोरसेत गेला तो गेलाच."

राघो म्हणजे आजीच्या सासऱ्यांचे थोरले काका, माझ्या खापरपणजोबांचे सख्खे भाऊ. आजी गेली, पुढे आई पान ठेवायची, आता वहिनी ठेवते. वहिनीने यंदा विचारलं, "ताई, हे कुणाचं पान?" आणि मला चार वाक्यांपलीकडे काही सांगता येईना. तेव्हापासून चैन नाही.

मोरस हे गाव असणार असं मी धरून चालले. नकाशात सापडेना, म्हणून वऱ्हाडातल्या मोर्शीला जाऊन आले. तिथे कोकणातून आलेलं एकही जुनं घर मिळालं नाही. इकडे एका कार्यालयात जुन्या नोंदी मागितल्या, तर समोर आलेली सगळ्यात जुनी वही १९०० नंतरची होती.

हातात आहे ते एवढंच : राघो हे नाव. गावाचं आणि वाडीचं नाव. काकांनी ऐकलेली गोष्ट अशी की वाडीतले तीन-चार तरणे पोरगे एकदमच गेले, दाभोळहून गलबताने मुंबईला. आणि आजीच्या पत्र्याच्या डब्यात मोडीतला एक कागद आहे, त्यातले आकडे सोडून मला काही वाचता येत नाही. 'परत आला नाही' याच्या पुढे जाता येईल का?

---

जुनं दप्तर:

ताई, मोर्शी नाही, गावच नाही. जुन्या मराठीत मोरस म्हणजे मॉरिशस. तिथून जी पांढरी साखर यायची ती मोरस साखर. आजच्या घरांतून तो शब्द गेला, पण तुमच्या आजीने तो जसाच्या तसा जपून ठेवला. तुमचा राघो उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून गेला.

त्यावेळची परिस्थिती थोडक्यात सांगतो. मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी बंद झाली आणि मळेवाल्यांना माणसं हवी होती. करारावर नेलेल्या हिंदी मजुरांची पहिली तुकडी १८३४ च्या नोव्हेंबरातच तिथे उतरली होती. पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक कोलकात्याहून, त्याखालोखाल मद्रासहून, आणि सगळ्यांत कमी मुंबईहून. मुंबईहून जाणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा मोठा. १८६० च्या दशकाच्या मध्यानंतर मुंबईचं बंदर यातून जवळजवळ बाहेर पडलं. म्हणजे राघो त्याआधीच गेला असणार, आणि तुमच्या पिढ्यांचा हिशोबही तिथेच येऊन थांबतो.

मुंबईचे आकडे लहान आहेत ही शोधणाऱ्याच्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. कोलकात्याच्या लाखांत एक राघू शोधणं वेगळं, इथलं वेगळं.

तो मोडी कागद आधी वाचून घ्या. मला राघोच्या वडिलांचं नाव हवं आहे. त्याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजावर जाईल. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे गावोगाव मोडी वाचणारे माहीत झालेत, तुमच्या तालुक्यातही कुणीतरी मिळेल. कागदात नाव नसलं तर नाशिक-त्र्यंबकला तुमच्या गावाचे तीर्थोपाध्ये कोण ते विचारा. घरातलं कुणी तिथे जाऊन आलं असेल तर नामावळीत बाप-आजा सापडतो.

---

तिकीट नंबर:

मी माझ्या पणजीच्या भावाचा शोध असाच घेतला. त्याला दोन वर्षं लागली. ताई, तुमच्यापेक्षा माझ्याकडे कमी होतं, गावाचं नावसुद्धा नव्हतं. म्हणून आधीच सांगतो, तुमचं काम होण्यासारखं आहे.

मॉरिशसला उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळायचा. पोर्ट लुईच्या धक्क्यावर जिथे हे व्हायचं ती जागा म्हणजे आजचा आप्रवासी घाट. तो २००६ मध्ये जागतिक वारसा झाला. क्रमांकासमोर वहीत जहाज, नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव आणि कोणत्या मळ्यावर पाठवला, असं लिहिलेलं असतं. पुढे मेला किंवा परत निघाला तर तेही त्याच ओळीत. या वह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. तिथले लोक शोधून उतारा देतात.

आता अडचणी. कारकून इंग्रज किंवा फ्रेंच वळणाचा, सांगणारा गुहागरचा, मधे दुभाष्या. त्यामुळे कानाला जे लागलं ते कागदावर आलं. राघो हा राघू, रागू, रागो, रॅगू यातला काहीही असू शकतो. आडनाव बहुधा नसतंच. जातीच्या रकान्यात मुंबईकडच्या माणसापुढे पुष्कळदा नुसतं 'मराठा' असतं, तेव्हा तिथे अडून बसू नका. जिल्हा रत्नागिरी हा ओळखू येईल असा असतो, गावाचं नाव मात्र इतकं मोडलेलं असतं की मोठ्याने म्हणून बघावं लागतं. माझ्या माणसाच्या गावाचं नाव मी तीन महिने कागदावर बघत होतो आणि समजत नव्हतं. शेवटी आईला फोनवर वाचून दाखवलं. ती तिकडून लगेच म्हणाली, "अरे, हे तर आपल्या आत्याचं सासर!"

आणखी एक. त्या वेळी तालुके वेगळे होते. गुहागर हा आत्ताचा तालुका, तेव्हाचा तालुका अंजनवेल. गावाच्या जागी अंजनवेल दिसलं तर ते गाव समजू नका.

पण तुमच्या काकांच्या गोष्टीतली सगळ्यांत मोठी खूण म्हणजे 'तीन-चार पोरगे एकदमच गेले' ही. मळ्यावरचे मुकादम, त्यांना तिकडे सरदार म्हणत, गावी येऊन आपल्याच भागातली माणसं घेऊन जायचे. एकत्र गेलेले एकत्र उतरायचे आणि त्यांचे क्रमांक पाठोपाठ पडायचे. म्हणून एकट्या राघोला शोधू नका. वाडीतल्या बाकीच्या घरांतही विचारा, कुणाचा कोण गेला होता? तीन नावं, एक गाव आणि लागून आलेले क्रमांक असं जुळलं, की मग शंकेला जागा राहात नाही. माझं तसंच जुळलं. माझ्या माणसाच्या वरच्या ओळीत शेजारच्या घरातला मुलगा होता, बापाच्या नावासकट.

परत का आला नाही, याचं उत्तर तुम्ही विचारलं नाहीत, पण ते मनात असणार. १८५० च्या दशकात नव्या मजुरांना परतीचं फुकट भाडं मिळणं बंद झालं. स्वतःच्या पैशाने यायचं तर साठवायला हवं, आणि मजुरी कापली जायची. कामावर एक दिवस नसलं तर दोन दिवसांची. शिवाय १८६७ साली तिथे मलेरियाची फार मोठी साथ आली, हजारो माणसं गेली. तरीसुद्धा गेलेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोक परत आले आहेत. न येणं म्हणजे विसरणं असं तुमच्या घरात कुणी मानत असेल तर कृपा करून मानू नका.

त्याच १८६७ साली तिथे कायदा झाला की करार संपलेल्या मजुराने स्वतःचा फोटो लावलेलं तिकीट कायम जवळ ठेवायचं. नसलं तर तुरुंग. कायदा जाचक होता, त्यावर पुढे चौकशी आयोग बसला. पण त्याच कायद्यामुळे हजारो माणसांचे चेहरे उरले. राघो १८६७ पर्यंत जगला असेल आणि करारातून सुटला असेल, तर त्याचा फोटो असण्याची शक्यता आहे. खात्री देत नाही. माझ्या माणसाचा आहे. कानात भिकबाळी, नजर सरळ, आणि डावी भुवई माझ्या मामासारखी मधे तुटलेली. आईने तो फोटो हातात घेतला आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही.

---

व्हाकोआची मुलगी:

नमस्कार ताई. मी मॉरिशसची आहे. माझी मराठी शाळेत शिकलेली आहे, चूक झाली तर माफ करा. आमच्या घरी क्रिओल बोलतात, पण गणपतीची आरती मराठीत म्हणतात. इथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

तुम्ही तिकडून शोधता, आम्ही इकडून शोधतो. माझं आडनाव म्हणजे माझ्या आजोबांच्या आजोबांचं पहिलं नाव आहे. इथे बहुतेक घरांत असंच झालं. जो माणूस जहाजातून उतरला त्याचं नाव, किंवा त्याच्या वडिलांचं नाव, मुलांचं आडनाव झालं. म्हणून राघोबांची मुलं इथे झाली असतील तर त्यांचं आडनाव रागू असू शकतं. पण इथे रागू खूप आहेत! बिहारहून आलेल्या रघूचं पण रागूच झालं. फक्त आडनाव बघून आनंद करू नका. राघोबांच्या वडिलांचं नाव आडनाव झालं असेल तर ते वेगळंच असेल, म्हणून दोन्ही शोधायचे.

आमच्या जुन्या जन्माच्या आणि लग्नाच्या नोंदींत आईवडिलांचा तो क्रमांक लिहिलेला असतो. मी माझ्या जन्मनोंदीपासून सुरुवात केली, मग वडिलांची, मग आजोबांची, असं एकेक पायरी मागे गेले. शेवटच्या पायरीवर क्रमांक मिळाला. मोकाला तो क्रमांक दिल्यावर गावाचं नाव आलं. मधे एका पिढीत वडिलांचं नावच नव्हतं, फक्त आईचं. मला वाईट वाटलं. मग बाईंनी समजावलं की देवाधर्माचं लग्न त्या वेळच्या कायद्यात धरत नव्हते, म्हणून मूल आईच्या नावावर लिहिलं. तुमच्या शोधात असं दिसलं तर घाबरू नका.

माझं गाव संगमेश्वरजवळ आहे. मी अजून आले नाही. तिकडे माझ्यासाठी कुणी पान ठेवत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तुमचं वाचून मी माझ्या वडिलांना क्रिओलमध्ये सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी परत सांगायला सांगितलं.

---

माहेरवाशीण:

तुम्हा तिघांचे आभार कसे मानू? व्हाकोआच्या मुली, तुझं लिहिलेलं वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणते, गावाचं नाव कळव, संगमेश्वरला तिचं माहेर आहे.

मोडी कागद वाचून झाला. चिपळूणचे एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांनी भिंग लावून तासाभरात वाचला. खोताकडची कबुलायत, म्हणजे जमीन कसण्याचा लेखी करार निघाला, शके १७८३ चा. गुरुजींनी शकात ७८ मिळवायला सांगितलं, म्हणजे इसवी सन १८६१. मजकूर लांब आहे, त्यातली आमच्या कामाची ओळ : "राघू बिन धोंडू परागंदा, सबब ठिकाण त्याचा धाकटा भाऊ कसील."

परागंदा हा शब्द गुरुजींनी उच्चारला तेव्हा मला जरा लागलं. चोरासारखा पळाला असं वाटतं. गुरुजी म्हणाले, खोताच्या लेखी जमीन सोडून गेलेला प्रत्येक जण परागंदाच, मग तो कुठल्याही कारणाने जावो. पण धोंडू हे नाव मिळालं. आमच्या वंशावळीत धोंडू नव्हताच, ती धाकट्या भावापासून सुरू होते.

आणि वाडीत विचारलं. खालच्या घरातल्या म्हाताऱ्या काकी म्हणाल्या, आमचाही एक गेला होता, भिवा. त्याच्या बापाचं नाव त्यांना आठवत नाही, मुलाला विचारून सांगते म्हणाल्या. तिसऱ्या घराला टाळं आहे, मंडळी मुंबईला असतात, दिवाळीत येतील तेव्हा गाठते.

आता मोकाला काय लिहून पाठवू? १८६१ च्या आधी किती मागे शोधायला सांगायचं?

---

तिकीट नंबर:

कबुलायत सहसा माणूस गेल्यावर लगेच बदलत नाही, एक-दोन पिकं वाट बघतात. तेव्हा १८५७ ते १८६१ द्या, बंदर मुंबई. नाव राघू, बाप धोंडू. धोंडूचेही प्रकार लिहा : धोंडो, दोंडू, डोंडू, धोंडी. त्याखाली भिवाचं नाव वेगळ्या ओळीत, बापाचं नाव मिळाल्याशिवाय पाठवू नका, एक आठवडा थांबा. गावाचं नाव आज लिहितात तसं आणि वाडीत म्हातारी माणसं बोलतात तसं, दोन्ही द्या. कबुलायतीचा फोटो आणि गुरुजींनी वाचलेला मजकूर जोडा.

---

माहेरवाशीण:

काकींच्या मुलाचा आत्ताच फोन आला. भिवाच्या बापाचं नाव तान्या. उद्या सकाळी पाठवते.