फोडणी झाली हे तुम्हाला कशावरून कळतं?

कढीपत्ता: माहेरी आलेय. आई पाठमोरी भाजी चिरते आणि मोहरीची तडतड मंदावली की म्हणते, "जिरं टाक गं." मला मात्र हिंगाचा वास आल्याशिवाय काही कळत नाही. आजी आठवली तरी तिच्या लुगड्याचा कापराचा वास येतो, चेहरा डोळ्यांपुढे येतच नाही. फार वाईट वाटतं. कुणाला असं होतं का?

सुईदोरा: मी शिवणकाम करते. सुती की टेरिकॉट, हे डोळे मिटून बोटांनी सांगते. रंग मात्र लक्षात राहत नाहीत.

गुरुजी_निवृत्त: ताई, मनात चित्रच न उमटणाऱ्यांसाठी २०१५ मध्ये 'अफँटेशिया' हा शब्द आला. पण इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्येच लोकांना न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं होतं. काहींना ते लख्ख दिसलं, काहींना जवळजवळ काहीच नाही. यात प्रेम कमी असण्याचा संबंध नाही. फक्त मुलांवर 'हा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा' असे शिक्के मारू नका. तसं वेगवेगळं शिकवल्याने फायदा होतो, याला भक्कम पुरावा नाही.

कढीपत्ता: गुरुजी, खूप आभार. आत्ताच ट्रंक उघडून लुगडं काढलं. वास आहे अजून.